कोरड्या मुलखातलं पाणी

एकट्यानंच गाडी काढावी आणि दोन-तीन दिवस उघड्या, कोरड्या मुलखात भटकून यावं असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्याशी आज बोलायचंय. मी भूशास्त्र शिकवलं. त्यामुळे माझं निम्मं आयुष्य विद्यार्थ्यांना घेऊन आणि उरलेलं एकटीनं, दगड बघत फिरण्यात गेलंय.

माझी भाची अमेरिकेतल्या ॲरिझोना-युटातल्या घळी एकटीच बघून आली. फोटो दाखवत होती. मी म्हटलं, "अगं, असली भिंत मी शिरूरला पाहिलीय." ती हसली. मापाच्या बाबतीत तिचं हसणं रास्तच होतं. ग्रँड कॅनियन 446 किलोमीटर लांब आणि आपली कुकडी नदीची घळ सकाळच्या फेरीत पायी बघून होते. पण नदी कातळ कसा कोरते, ते जवळून बघायचं असेल तर विमानाचं तिकीट लागत नाही. शिरूरहून वीस-पंचवीस किलोमीटरवर टाकळी हाजी गाठायची. नदीच्या अलीकडे टाकळी हाजी, पुणे जिल्हा; पलीकडे निघोज, नगर (आता अहिल्यानगर) जिल्हा. दोन्ही काठांवर मळगंगा देवीची देवळं, मध्ये झुलता पूल आणि पुलाखाली ते प्रसिद्ध रांजणखळगे.

हा कातळ बेसॉल्टचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. खळगे मात्र पुष्कळ अलीकडचे. पात्रात कुठंतरी फट किंवा खोलगट जागा असते. पुराच्या भोवऱ्यात त्यात चार गोटे अडकतात आणि गरगर फिरत राहतात. गिरमिटानं लाकूड कोरावं तसा कातळ कोरला जातो. गोटे झिजून जातात, नवे येतात, भोक खोल होतं. शेजारशेजारचे रांजण एकमेकांत फुटले की त्यांचीच घळ होते. आशियातले सगळ्यांत मोठे वगैरे फलकांवरचं फार मनावर घेऊ नका. त्याशिवायही ते बघण्यासारखे आहेत.

आता मुद्द्याचं. कोरड्या मुलखात निघालेला माणूस तहानेची काळजी करतो, दोन बाटल्या जास्त घेतो. घ्याव्यातच. पण अशा मुलखात खरा घात करतं ते पाणी, आणि तेही दुसरीकडून आलेलं. 1997 च्या ऑगस्टमध्ये ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅनियनमध्ये अकरा पर्यटक वाहून गेले. पाऊस पडला होता कितीतरी मैल लांब.

कुकडीचंही तसंच आहे. शिरूर हा पर्जन्यछायेतला तालुका, वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. नदी मात्र उगम पावते जुन्नरच्या डोंगरात, कुकडेश्वरला. वर धरणं आहेत. खालचे कोल्हापुरी बंधारे भरायला त्यांतून पाण्याचं आवर्तन सुटतं, तेव्हा इथलं आभाळ निरभ्र असतं. एका जानेवारीत सकाळी मी घळीत उतरून दगडाचे थर वहीत काढत बसले होते. काठावरून एक मेंढपाळ ओरडला, "ओ बाई, वर या! पाणी सोडलंय!" मी शहाणपणानं हात हलवून "हो हो" म्हटलं आणि आणखी एक रेघ ओढली. वर आले तोवर मी बसले होते तो दगड ओला झाला होता. चूक सर्वस्वी माझी. तीस वर्षं पोरांना हेच शिकवत होते!

म्हणून उतरण्याआधी गावात विचारा: आवर्तन चालू आहे का, कधी सुटणार? देवळाजवळच्या नारळवाल्याला हे ठाऊक असतं. आणि पोहता येतं म्हणून रांजणात उतरू नका. तोंड अरुंद, पोट रुंद, भिंती घोटून गुळगुळीत झालेल्या, त्यावर शेवाळ. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही धरायला काही सापडत नाही. सेल्फीसाठी कडेवर उभं राहू नका. कड बऱ्याचदा आतून पोखरलेली असते.

तिथून पुढं न्हावरे करून, पारगावच्या पुलावर भीमा ओलांडून केडगाव-चौफुल्याला यायचं. हा दौंड तालुका. वाटेत ऊसच ऊस. गाळप हंगामात अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा, ही माझी आग्रहाची सूचना. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागचा दिवा नसताना समोर उभा ठाकतो आणि उसाची कांडी रस्त्यावर सांडलेली असतात. शिवाय उसात बिबट्या असतो, विशेषतः शिरूरच्या बाजूला. दुचाकीवर असाल तर तिन्हीसांजेला उसाच्या कडेला पाय मोकळे करायला थांबू नका. आडवाटेला पंक्चरचं सामान हवंच, वेड्या बाभळीचा काटा टायरला सोडत नाही.

एकट्यानं निघणाऱ्यानं घरी नुसतं "फिरायला जातेय" म्हणून भागत नाही. कुठून कुठं, किती वाजता, हे कागदावर लिहून द्या. संध्याकाळी सातला फोन आला नाही तर कुणी कुणाला विचारायचं, तेही त्यात असू द्या. चौफुल्याला चहा घेताना मी घरी फोन करते. कंटाळा येतो, तरी करते.

दुसरी सकाळ राखून ठेवा सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यासाठी. दौंडची हद्द संपली की बारामती तालुक्यात. 1997 साली जाहीर झालेलं, जेमतेम 5.14 चौरस किलोमीटरचं. अभयारण्य म्हटलं की आपल्याला घनदाट झाडी हवी असते. हे आहे माळरान, ज्याला आपण वर्षानुवर्षं पडीक म्हणत आलो. लांडगा, धाविक, चंडोल आणि चिंकारा यांचं तेच घर. फाटकावर नोंद करा, ठरलेली वाट सोडून गवतात गाडी घालू नका, कारण चंडोल जमिनीवरच घरटं करतो. उजाडता उजाडता पोचा, इंजिन बंद करा आणि गाडीतच बसा. चिंकारा दिसला की लगेच कॅमेरा उचलू नका. तो आधी पळतो. थोडं अंतर गेला की थांबतो आणि मान वळवून मागं बघतो. फोटो तेव्हा.