जुन्या मेलची लावालाव

माजलगावच्या मोंढ्यातली अडत असो की शाळेचं कार्यालय, बँकेचं स्टेटमेंट, वीजबिल, जीएसटीचे निरोप आणि जाहिराती एकाच इनबॉक्समध्ये पडतात. जीमेलचा फिल्टर त्यांना वेगळं करतो. तो मोबाइलच्या ॲपमध्ये बनवता येत नाही, त्यासाठी संगणकावर बसा. बँकेचा मेल-पत्ता द्या, ‘बँक’ हे लेबल निवडा, इनबॉक्स वगळायला सांगा. जुन्या मेलनाही नियम लावण्याची खूण मात्र विसरू नका. खरा ढीग तिथंच असतो! फोल्डरऐवजी इथं लेबलं असतात, एका मेलला दोनही लावता येतात.

पण असे मेल इनबॉक्स वगळून संग्रहात टाकल्यानं जागा मोकळी होत नाही. मोफत १५ जीबीत ड्राइव्ह आणि फोटोही मोजले जातात. जागा हवी असेल तर मोठ्या फायलींचे नको असलेले मेल काढा. कचरापेटीतून ते ३० दिवसांनी कायमचे जातात.