कथा हातातून निसटते तेव्हा



१९७७ साली, सुमारे चार महिन्यांच्या अंतराने, दोन गोष्टी लोकांसमोर आल्या. २५ मे रोजी अमेरिकेतल्या अवघ्या ३२ चित्रपटगृहांत जॉर्ज ल्यूकस यांचा ‘स्टार वॉर्स’ झळकला. १५ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये जे. आर. आर. टॉल्किन यांचा ‘सिल्मरिलियन’ हा ग्रंथ निघाला. टॉल्किन यांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मुलाने, ख्रिस्तोफरने, वडिलांच्या हस्तलिखितांच्या ढिगातून तो सिद्ध केला होता. एकीकडे अंतराळयानांची धुमश्चक्री, दुसरीकडे एल्फ आणि त्यांच्या हरवलेल्या रत्नांची कहाणी. स्पेस ऑपेरा आणि एपिक फँटसी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन प्रवाहांचे हे दोन मोठे प्रतिनिधी. आज मी त्यांच्याबद्दल बोलणार आहे, पण ‘सिल्मरिलियन’पेक्षा अधिक बोलेन ते टॉल्किन यांच्या १९५४-५५ साली आलेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’बद्दल, कारण तुलना खरी रंगते ती तिथे.

या दोन्ही कथांना आधुनिक काळाची पुराणं म्हणण्याची पद्धत आहे. मला हे म्हणणं मान्य आहे. त्यासाठी जे कारण नेहमी पुढे केलं जातं, ते मात्र मान्य नाही.

ते कारण म्हणजे जोसेफ कॅम्बेल. या अमेरिकन अभ्यासकाने १९४९ साली ‘द हिरो विथ अ थाउजंड फेसेस’ हे पुस्तक लिहिलं. जगभरच्या वीरकथांचा सांगाडा एकच असतो, असं त्यात मांडलं आहे. साधा मुलगा घर सोडतो, गुरू भेटतो, संकटांतून जातो, मृत्यूच्या दाढेतून परततो आणि समाजाला काही देऊन जातो. ल्यूकस यांनी हे पुस्तक वाचलं होतं, कॅम्बेल यांचं ऋण ते उघडपणे मानत आले, आणि १९८८ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर गाजलेल्या कॅम्बेल यांच्या मुलाखतींपैकी बऱ्याचशा ल्यूकस यांच्याच रँचवर चित्रित झाल्या होत्या. तेव्हापासून हा सांगाडा पटकथेच्या वर्गांतून शिकवला जाऊ लागला. त्यावर बेतलेले शेकडो चित्रपट आले आणि गेले. साच्यातून पुराणं पडत असती, तर एव्हाना त्यांची रास लागली असती. तेव्हा कारण दुसरीकडे शोधायला हवं.

माझं म्हणणं असं आहे: कथा जेव्हा रचणाऱ्याच्या हातातून निसटते, त्याने न योजलेलं काही त्यालाच सांगू लागते, आणि तो ते ऐकतो, तेव्हा ती पुराणाच्या जवळ जाते. या दोन्ही कथांत हे घडलं आहे, आणि कुठे घडलं ते आपण बोट ठेवून दाखवू शकतो.

‘स्टार वॉर्स’ म्हटलं की कोणालाही आठवतो तो बापलेकाचा प्रसंग. दुसऱ्या चित्रपटात, ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये, काळ्या मुखवट्याचा खलनायक डार्थ व्हेडर नायक ल्यूकचा हात तोडतो आणि मग त्याला सांगतो की तुझा बाप मीच. १९८० साली प्रेक्षकांच्या पायांखालची जमीन सरकली. चित्रीकरणाच्या वेळी व्हेडरचा पोशाख घातलेल्या डेव्हिड प्राऊस यांनाही खरं वाक्य दिलं नव्हतं. ते निराळंच वाक्य बोलले आणि खरं वाक्य नंतर जेम्स अर्ल जोन्स यांच्या आवाजात घातलं गेलं. इतकी गुप्तता पाळली म्हणजे हे रहस्य पहिल्यापासून योजलेलं असणार, असं वाटतं. तसं नव्हतं. या दुसऱ्या चित्रपटाचा पहिला मसुदा ली ब्रॅकेट या लेखिकेने १९७८ साली लिहिला. ब्रॅकेटबाई स्वतः स्पेस ऑपेराच्या नामांकित कथाकार. मसुदा देऊन थोड्याच दिवसांत त्या कर्करोगाने वारल्या. त्यांच्या मसुद्यात ल्यूकच्या वडिलांचा आत्मा येऊन त्याला भेटतो. म्हणजे व्हेडर वेगळा आणि बाप वेगळा! १९७७ चा चित्रपट जगभर धावत होता, तेव्हा या कथेचा गाभा जन्मलाच नव्हता. पुढच्या मसुद्यात ल्यूकस यांनी दोन माणसांचा एक माणूस केला, आणि बंडखोर वैमानिकांची गमतीची गोष्ट एका घराण्याची शोकांतिका झाली.

आपल्याला हा प्रसंग परका वाटत नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात कृष्ण आणि नंतर कुंती कर्णाला त्याचं जन्मरहस्य सांगतात. पण कर्ण ते कळूनही भावांविरुद्ध उभा राहतो, कारण मैत्रीचं ऋण त्याला रक्ताहून मोठं वाटतं. ल्यूक उलटं करतो. समोरचा आपला बाप आहे हे कळल्यावर तो त्याला मारायचं नाकारतो. दोघांचे निर्णय विरुद्ध, तरी दोन्ही ठिकाणी रहस्यापेक्षा त्यानंतरची निवड महत्त्वाची ठरते.

आता टॉल्किन. १९३७ साली त्यांचं ‘द हॉबिट’ हे मुलांसाठीचं पुस्तक आलं. त्यात बिल्बो नावाचा, हॉबिट जातीचा बुटका गृहस्थ डोंगराच्या पोटात वाट चुकतो, अंधारात त्याला एक अंगठी सापडते, आणि गोलम नावाच्या विचित्र प्राण्याशी त्याची कोड्यांची पैज लागते. आज आपण वाचतो त्या पाठात हरलेला गोलम चवताळतो, बिल्बोच्या जिवावर उठतो. अंगठीमुळे अदृश्य झालेला बिल्बो त्याला सहज भोसकू शकला असता, पण त्याला दया येते आणि तो उडी मारून निघून जातो. पहिल्या आवृत्तीत यातलं काही नव्हतं. तिथे गोलम पैज हरल्यावर द्यायला अंगठी शोधतो, ती सापडत नाही म्हणून माफी मागतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवून देतो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिता लिहिता टॉल्किन यांना कळत गेलं की ती अंगठी साधी नाही, तिच्यात दुसऱ्याची इच्छाशक्ती चिरडण्याचं बळ आहे, आणि जो ती बाळगतो तो आपखुशीने कधी ती सोडत नाही. मग ते प्रकरण नव्याने लिहिणं भाग पडलं. नवा पाठ १९५१ च्या आवृत्तीत छापला गेला. ज्या दयेवर पुढे सबंध जगाचं भवितव्य ठरतं, ती दया १९३७ साली पुस्तकात नव्हतीच.

इथून दोघांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि मला हा भाग फार मोलाचा वाटतो.

टॉल्किन यांनी जुना पाठ पुसला नाही. त्यांनी तो कथेतच घेतला. बिल्बोने मित्रांना आधी जी हकीकत सांगितली ती खोटी होती, अंगठीवरचा आपला हक्क पक्का करायला त्याने ती रचली होती, असं त्यांनी दाखवलं. अंगठीने त्याच्यावर अंमल बसवायला सुरुवात केल्याची ती पहिली खूण ठरली. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या प्रस्तावनेत ते एखाद्या संशोधकासारखे सांगतात की काही प्रतींत तो जुना पाठ अजून आढळतो. लहानपणापासून भाषांत रमलेल्या आणि ऑक्सफर्डमध्ये प्राचीन इंग्रजी शिकवणाऱ्या या माणसाला पाठभेद म्हणजे काय ते पुरतं ठाऊक होतं.

पाठभेद जपण्याची हीच वृत्ती आपल्याकडेही दिसते. आपल्या पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. १९१९ साली काम सुरू झालं, विष्णु सीताराम सुखटणकरांनी त्याला शिस्त लावून दिली, आणि १९६६ साली ते पुरं झालं. हजाराहून अधिक हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतो आहे, हा आपल्या सर्वांच्या मनातला प्रसंग संपादकांनी मूळ संहितेत ठेवला नाही. पण तो फेकलाही नाही, परिशिष्टात छापला. पानोपानी खाली पाठभेद दिले. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी कथेत जे घातलं, तेही कथेचं धन आहे, ही त्यामागची जाण होती.

ल्यूकस यांनी मात्र १९९७ साली आपले तिन्ही चित्रपट दुरुस्त करून पुन्हा प्रदर्शित केले. पहिल्या चित्रपटात हान सोलो हा बेरकी तस्कर खानावळीत समोर बसलेल्या मारेकऱ्याला आधी गोळी घालतो. नव्या रूपात आधी गोळी मारेकऱ्याची सुटते. क्षणभराचा बदल, पण त्याने माणूस बदलतो. स्वार्थी हान शेवटी मित्रासाठी जीव धोक्यात घालून परत येतो, याला जी किंमत आहे ती त्याच्या त्या पहिल्या गोळीमुळे. कलावंताला आपली कृती सुधारायचा हक्क आहे, यात वाद नाही. माझी तक्रार एवढीच की नवं रूप पुढे ठेवताना जुनं बाजूला सारलं गेलं आणि वर्षानुवर्षं ते धड पाहायला मिळेना. याच ल्यूकस यांनी १९८८ साली अमेरिकन काँग्रेसपुढे साक्ष देताना जुन्या चित्रपटांत फेरफार करण्याला विरोध केला होता, आणि ते बरोबर बोलले होते. कथा लोकांच्या मनात रुजली की तिचा प्रत्येक पाठ जपण्याची जबाबदारी मालकावर येते. २०१२ साली ही मालकी चार अब्ज डॉलरहून अधिक किमतीला डिस्नेकडे गेली, तशी ही जबाबदारीही गेली.

आता दोन्ही कथांच्या शेवटाकडे येतो.

तिसऱ्या चित्रपटात, ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये, सम्राटाच्या सिंहासनासमोर बापलेकांचं द्वंद्व होतं. ल्यूक संतापाच्या भरात व्हेडरवर तुटून पडतो आणि त्याचा हात मनगटातून छाटतो. कापलेल्या जागी मांस नाही, तारा लोंबताहेत. ल्यूक ते पाहतो आणि मग आपल्या काळा हातमोजा घातलेल्या उजव्या हाताकडे पाहतो. तोही यांत्रिक आहे. मागच्या चित्रपटात याच बापाने तो तोडला होता. एक शब्द न बोलता त्याला उमगतं की आपण कोणाच्या वाटेने निघालो आहोत. तो शस्त्र फेकून देतो. सगळ्या मालिकेत मला हा क्षण सर्वांत मोठा वाटतो. युद्ध जिंकायच्या घडीला नायक नि:शस्त्र होतो, आणि त्यामुळेच बाप जागा होतो.

टॉल्किन याहून कठोर आहेत. अंगठी नष्ट करायला बिल्बोचा वारस फ्रोडो ज्वालामुखीच्या कड्यावर पोहोचतो आणि ऐनवेळी ती देत नाही; आपली म्हणून बोटात घालतो. नायक हरतो! गोलम त्याच्यावर झडप घालतो, दातांनी बोट तोडून अंगठी मिळवतो, आनंदाने नाचता नाचता त्याचा पाय घसरतो आणि तो अंगठीसकट आगीत पडतो. काम तडीस जातं ते बिल्बोने, फ्रोडोने आणि शेवटी त्याच्या सोबत्याने, सॅमने, या प्राण्याला वेळोवेळी जिवंत सोडलं म्हणून. एका वाचकाने संतापून टॉल्किन यांना कळवलं होतं की फ्रोडोचा सन्मान कसला करता, त्याला फितुरीबद्दल देहदंड व्हायला हवा होता. टॉल्किन यांनी पत्रांतून शांतपणे समजावलं की फ्रोडो अपयशी ठरला हे खरं, पण त्या ठिकाणी त्या ओझ्याखाली कोणीही टिकलं नसतं. त्याने आधी दाखवलेली करुणा त्याच्या कामी आली.

पीटर जॅक्सन यांनी या कथेवर केलेल्या चित्रपटांवर माझं प्रेम आहे. न्यूझीलंडमध्ये एकत्र चित्रित झालेल्या त्या तीन चित्रपटांपैकी तिसऱ्याने ११ ऑस्कर मिळवली, ती योग्यच. पण या जागी ते डगमगले. पडद्यावर बोट तुटलेला फ्रोडो उठून गोलमशी झटापट करतो आणि त्या झटापटीत दोघे कड्यावरून जातात. नायकाने काहीतरी केलं पाहिजे, हा चित्रपटाचा हट्ट. त्या हट्टापायी कथेचा प्राणच निसटला: पुस्तकात जग वाचतं ते दयेमुळे, पडद्यावर झटापटीमुळे.

दोन्ही नायकांच्या हाताला इजा होते, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ल्यूकला दुसऱ्या चित्रपटाच्या अखेरीसच नवा हात बसवून मिळतो; बोटं हलतात, सुई टोचली तर कळतं. फ्रोडोचं बोट परत येत नाही. स्पेस ऑपेराच्या जगात यंत्राने झीज भरून निघते, आणि म्हणून तिथला शेवट उत्सवात होतो: आतषबाजी, मिठ्या, हसणारे आत्मे. टॉल्किन यांच्या कथेत भरून न येणारं नुकसान असतं. १९१६ साली सोमच्या लढाईत ते होते. त्या वर्षात त्यांचे दोन जिवलग मित्र मारले गेले. विजयानंतर फ्रोडोसह चौघे हॉबिट घरी परततात तर गावाची वाट लागलेली असते: झाडं तोडलेली, गिरणीचा धूर, गावकरीच गावकऱ्यांवर पहारे देताहेत. ते सगळं निस्तरूनही फ्रोडोची जखम बरी होत नाही, आणि अखेर तो जहाजाने निघून जातो. मौसलपर्वात अर्जुनाचं गांडीव त्याला साथ देत नाही आणि त्याच्या डोळ्यांदेखत लुटारू यादवस्त्रियांना पळवतात, ते वाचताना जे वाटतं ते इथे वाटतं. युद्ध संपल्यावर काय उरतं, हे सांगायचं धैर्य थोड्याच कथांत असतं. म्हणून दोघांत मी टॉल्किन यांना वर ठेवतो, आणि ल्यूकस यांच्या त्या एका क्षणाला त्यांच्या शेजारी.

गावाच्या दुर्दशेचं ते सबंध प्रकरण चित्रपटाने गाळलं आहे. तेव्हा चित्रपट पाहून थांबलेल्यांना माझी विनंती आहे: तिसरा खंड मिळवा आणि निदान शेवटून दुसरं प्रकरण वाचा. आणि घरातल्या मुलांना ‘स्टार वॉर्स’ दाखवणार असाल, तर पडद्यावर छापलेल्या भागांच्या क्रमांकांवर जाऊ नका. १९९९ साली आलेल्या पहिल्या भागापासून सुरुवात केलीत, तर बाप कोण हे त्यांना आधीच कळेल. १९७७, १९८० आणि १९८३ या क्रमाने दाखवा.