‘क्रांतीचा जयजयकार’ : एका गीताचा अर्थ

(विद्यालयातील स्वातंत्र्यदिन समारंभातील भाषण)



कुसुमाग्रजांचे ‘क्रांतीचा जयजयकार’ हे गीत मराठी शाळांतील मुले मोठ्या आवेशाने म्हणतात. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘विशाखा’ या संग्रहातील हे गीत ऐकताना बाहू स्फुरण पावतात. मात्र या आवेशात एक गोष्ट बहुधा निसटून जाते. हे गीत गाणारे वीर विजयाच्या मिरवणुकीत नाहीत. बेड्या घातलेले, भुकेने व्याकूळ झालेले ते कैदी मृत्यूच्या उंबरठ्यावर उभे आहेत.

कवीने त्यांची नावे सांगितलेली नाहीत. परंतु दिल्लीकरांना अशा तरुणांचा शोध घेण्यासाठी दूर जावे लागत नाही. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी याच नगरीत, मध्यवर्ती विधिमंडळाच्या सभागृहात बाँब फेकले आणि पळून न जाता अटक करवून घेतली. राजकीय कैद्यांना माणुसकीची वागणूक मिळावी, म्हणून पुढे त्यांनी तुरुंगात अन्नत्याग केला. त्याच लढ्यात जतींद्रनाथ दास लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवस उपाशी राहिले आणि १३ सप्टेंबर १९२९ रोजी त्यांनी देह ठेवला. पुणे जिल्ह्यातील खेडचे शिवराम हरी राजगुरू २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग व सुखदेव यांच्यासह फासावर गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते.

मरणाला तुच्छ लेखणे एवढाच या गीताचा आशय असता, तर ते केवळ वीरश्रीचे गीत ठरले असते. परंतु एका कडव्यात त्याचा स्वर अकस्मात हळवा होतो. बांधलेले हात भिंतीपलीकडे पोहोचत नाहीत, म्हणून हे कैदी आपल्या श्वासांकरवीच आईला निरोप धाडतात. ती आई म्हणजे मातृभूमी; पण जन्मदात्रीची आठवण त्या ओळींतून वेगळी काढता येत नाही. तिने आपल्याला जवळ घ्यावे, अशी लहान मुलाची आस त्यात आहे. या तरुणांना जीवन नकोसे झालेले नव्हते. जे अतिशय प्रिय होते, तेच त्यांनी अर्पण केले. गीताचे खरे मर्म येथे आहे.

अखेरीस चितेच्या ज्वालांतून उद्याचे नेते निर्माण होतील, असा विश्वास कवी व्यक्त करतो. म्हणजे गाणाऱ्यांचे मरण हा गीताचा शेवट नव्हे; त्याचे पुढचे कडवे ऐकणाऱ्यांनी जगून पूर्ण करावयाचे आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुरुंगातील त्या उपवासामागची मागणी साधी होती : कैदी झाला तरी तो माणूस आहे, हे मान्य करा. वर्गातील एखाद्या दुबळ्या मुलाची हेटाळणी होत असता जो विद्यार्थी गप्प बसत नाही, त्याला या गीताचा अर्थ कळला असे समजावे. गीत अवश्य उंच स्वरात म्हणा. परंतु आईच्या त्या कडव्यापाशी आवाज थोडा खाली येऊ द्या.

जय हिंद!