अस्पष्ट प्रत आणि शुद्ध पाठ



मराठीच्या अध्यापकाने मेंदूच्या चित्रांविषयी बोलावे, हे आपणांस विचित्र वाटेल. परंतु अस्पष्ट प्रतीतून खरा पाठ शोधणे हे पाठचिकित्सकाचे जुनेच काम आहे. आज संगणक तेच काम मेंदूतील रक्तप्रवाहाच्या चित्रांवर करू लागला आहे.

निरोगी मेंदूच्या दर शंभर ग्रॅम भागास मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते. पक्षाघातात हा पुरवठा कोठे खुंटला, हे एम.आर.आय.ने पाहता येते. १९९२ साली अमेरिकेत जॉन डेट्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती मांडली. बाहेरून औषध न टोचता रक्तातील पाण्यालाच चुंबकीय खूण करावयाची, एक चित्र खुणेसह व एक खुणेवाचून घ्यावयाचे आणि दोहोंची वजाबाकी करावयाची. उरणारा फरक जेमतेम एक टक्क्याच्या आसपास! म्हणून अनेक जोड्या घेऊन सरासरी काढावी लागते. त्यात कित्येक मिनिटे जातात, आणि रुग्ण हलला की चित्र बिघडते.

येथे निर्मितिक्षम कृत्रिम बुद्धिमत्ता साहाय्यास येते. पुष्कळ स्वच्छ चित्रे अभ्यासून ती मोजक्या जोड्यांच्या धूसर चित्रातून रेखीव चित्र रचते. वेळ वाचतो, हा लाभ लहान नव्हे. मात्र 'रचते' हे क्रियापद ध्यानात ठेवावे. तिला नित्याचे ठाऊक असते, आणि रोग तर नित्याहून वेगळा असतो. नसलेली रेषा ती भरू शकते. खरी उणीव गोंगाट समजून पुसूही शकते. चित्र सुबक होईल, पण ते त्याच रुग्णाचे राहील, याची हमी सुबकपणा देत नाही.

शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. शिरलेले अपपाठ त्यांनी काढले आणि कोणी आपली ओवी तीत घालू नये, असे बजावले. स्वतः समर्थ कवी असूनही त्यांनी हा संयम पाळला. शोधन आणि रचना यांतील सीमारेषा ती हीच.

आपल्या भागातील रुग्ण मोठ्या तपासणीसाठी नागपूरची वाट धरतो. हाती आलेल्या चित्राला तो उलट प्रश्न विचारू शकत नाही. तो आपण विचारावयाचा. या शाळेतून डॉक्टर व अभियंते झालेल्यांना माझी विनंती आहे : मूळ चित्र जपा, यंत्राने सुधारलेल्यावर तशी नोंद करा, आणि यंत्राची परीक्षा निरोग्यांबरोबर रोग्यांच्या चित्रांवरही घ्या. ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण जमलो आहोत, त्यांना मूळ पाठाशी इमान राखणारे विद्यार्थी हीच खरी आदरांजली ठरेल.