फुंकणी आणि यंत्राची बुद्धी
(ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी विद्वत्तापूर्ण विवेचनाची अपेक्षा असल्यास ती मजकडून पुरी होणार नाही. मी पेढीवर बसणारा मनुष्य; आपल्या धंद्यात जे घडताना दिसते तेवढेच सांगतो.

1963 साली सुवर्णनियंत्रणाचे नियम आले. 14 कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली आणि देशभर सुवर्णकारांच्या चुली विझल्या. 1968 सालचा कायदा तर 1990 साली रद्द होईपर्यंत मानेवर होता. तथापि त्या आपत्तीत सोने गेले, विद्या गेली नाही. तार कशी ओढावी, ठुशीचे मणी कसे गुंफावे, हे कोणत्याही कायद्याला हातातून काढून घेता आले नाही.

आजचे संकट निराळ्या वाटेने येते. गिऱ्हाइकाने चार शब्द बोलावे, आणि संगणकाने क्षणार्धात अनेक नक्षा पुढे टाकाव्यात! पसंत नक्षीचा आराखडा झाला की यंत्र मेणाचा नमुना घडविते व त्यावरून ओतकाम होते. ह्यात लाभ नाही असे मी म्हणणार नाही. कागदावर रेघ न ओढता येणारा कारागीरही आता गिऱ्हाइकास चित्र दाखवू शकतो. आजीच्या मोडक्या नथीची दुरुस्ती तर अद्याप हातच करतो.

मला चिंता आहे ती शिकाऊ मुलाची. पूर्वी तो एकाच नमुन्याची शेकडो पाने-फुले करी आणि त्या कंटाळवाण्या कामातच त्याचा हात बसे. नेमके तेच काम यंत्र प्रथम घेते. मग उद्याचा कसबी कारागीर कोठून येणार? शासनाच्या 2023 सालच्या विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत सोनार आहेत, हे ठीकच. परंतु तिचे प्राथमिक शिक्षण 5 ते 7 दिवसांचे. तेवढ्यात फुंकणीचा श्वासदेखील साधत नाही!

दुसरी गोष्ट नक्षीच्या मालकीची. ही यंत्रे असंख्य चित्रे पाहून शिकतात. 2000 सालच्या कायद्यान्वये नव्या नक्षीस नोंदणीनंतर 10 वर्षे, व पुढे आणखी 5 वर्षे, संरक्षण मिळते. पिढीजात कोल्हापुरी साज नवा नव्हे, त्याला हे कवच नाही. म्हणून आपल्या तरुणांनी स्वतःची नवी नक्षी लोकांपुढे मांडण्यापूर्वीच नोंदवावी, आणि शुल्काचा भार मंडळाने उचलावा.

आपला शिष्यवृत्ती-निधी आजवर शाळा-कॉलेजांतील मुलांसाठी खर्च झाला, ते योग्यच झाले. यंदापासून त्यातील दोन शिष्यवृत्त्या जाणत्या कारागिराच्या हाताखाली दोन वर्षे बसणाऱ्या मुलास, किंवा मुलीसही (कोणी हसू नये), द्याव्यात. त्याच काळात संगणकावरील आराखडाही शिकवावा. ठराव मी लिहून आणला आहे. चिटणीसांनी तो वाचून दाखवावा, ही विनंती.