अडकलेली सबमेनची टोपी

करकंब भागात ऊस, द्राक्ष, डाळिंबाला ठिबक असतं, पण सबमेनच्या टोकाची टोपी कित्येकदा महिनोन्महिने उघडलीच जात नाही. बोअरच्या क्षारट पाण्यातला चुना आट्यांत बसतो, त्यात गाळ भरतो आणि टोपी हलेनाशी होते. मग पान्याचा जोर लावला की पीव्हीसी तडकतं. फार वाईट वाटतं हो, नाहक खर्च!

आधी मोटर बंद करा, दाब उतरू द्या. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं आट्यांभोवती तासभर गुंडाळून ठेवा. त्यात चुना विरघळतो. आता टोपी किंचित आवळून मग सोडवा. उघडल्यावर मोटर सुरू करून पाणी नितळ येईपर्यंत सबमेन धुवा. मग मोटर बंद करून आटे ब्रशने घासा आणि टोपी हातानेच आवळा.