विषादाची कैफियत



ज्या पुण्यात १८७५ पासून वसंत ऋतूत व्याख्याने ऐकण्याची वहिवाट आहे, तेथे मनाविषयी बोलणे पुष्कळ झाले; परंतु ते बहुधा मनोनिग्रहाविषयी, मनाच्या आजाराविषयी क्वचितच. परिणामी ज्याला हा आजार जडतो त्याच्या वाट्याला उपचारांऐवजी उपदेश येतो, आणि मानसोपचाराचे नाव काढताच पुणेकराला अजून येरवड्याचे मनोरुग्णालयच आठवते.

आपल्या सदाशिव पेठेत एके काळी परगावचे गरीब विद्यार्थी वार लावून, म्हणजे दर वारी एका ठरलेल्या घरी, जेवत. त्या व्यवस्थेत मिंधेपणा होता, जातिभेद होता, आणि तिचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच इरादा नाही. तथापि गेल्या सोमवारी चार पोळ्या खाणारा मुलगा या सोमवारी नुसता भात चिवडतो आहे, हे त्या घरच्या गृहिणीच्या नजरेतून सुटत नसे. आज याच पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी करणारा मुलगा दिवसभर अभ्यासिकेत असतो, लक्ष्मीकांतांच्या राज्यव्यवस्थेवरील पुस्तकाचे एकच पान तासभर त्याच्यापुढे उघडे असते, मेसचा डबा अर्धाअधिक भरलेलाच परत जातो. आणि या गोष्टीची दखल घेणारे कोणीही नसते.

नैराश्य ओळखावे ते अशा बदलावरून. निकाल लागल्यावर चार दिवस वाईट वाटणे हा आजार नव्हे. परंतु दोन आठवडे वा अधिक काळ, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ, मन उदास राहिले, किंवा ज्यात जीव रमे त्यातली गोडीच गेली, आणि सोबत झोप बिघडली, भूक मेली, अंगातले त्राण गेले, साधा निर्णय होईना, सर्व कसूर आपलीच असे वाटू लागले, तर ती आजाराची लक्षणे समजावीत. वृद्ध मंडळी पुष्कळदा उदासीची तक्रार करीतच नाहीत. त्यांची फिर्याद अंगदुखीची आणि पहाटे तीनला जाग येण्याची असते. थायरॉईडच्या विकारातही असेच होऊ शकते, म्हणून रक्ततपासणी टाळू नये. ‘तुला कमी काय आहे?’ हा आपल्या घरोघरीचा प्रश्न मात्र कृपा करून विचारू नये. त्याचे उत्तर रुग्णापाशी नसते, आणि नसल्याची शरम त्याला अधिकच खचवते.

आता उपचार. समुपदेशक गोड बोलून धीर देतो, इतकीच पुष्कळांची समजूत असते. वास्तविक तेथे कष्टाचे काम चालते. ‘मी नापास झालो, म्हणजे मी कवडीमोलाचा’ या विधानाची पुराव्यानिशी रुजुवात करायला लावणारी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली. दुसरी पद्धती कृतीपासून आरंभ करते: बरे वाटले की कामाला लागेन, हा रुग्णाचा क्रम ती उलटा करते, आणि आंघोळ, मित्राला फोन, संध्याकाळी सारसबागेपर्यंत फेरी, अशी बेताची कामे वेळ ठरवून करवून घेते. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पद्धती तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर योजिली, तीही मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांकरवी. सहा ते आठ बैठकी झाल्या, आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांअखेर या रुग्णांपैकी शेकडा ६४ जणांचे नैराश्य ओसरले होते. ज्यांना या बैठकी मिळाल्या नाहीत त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ३९ होते. म्हणजे सर्वांना गुण येतो असे नाही. आजार तीव्र असल्यास मनोविकारतज्ज्ञाची औषधेही घ्यावी लागतात, आणि ती मनाला वाटेल तेव्हा बंद करून चालत नाही.

एक गोष्ट भीड सोडून सांगतो. जीव नकोसा झाल्याची भाषा कोणी केली, तर ‘आत्महत्येचे विचार येतात का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने ती कल्पना मनात शिरत नाही, उलट कोंडलेल्याला वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले, तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. आत्महत्येच्या प्रयत्नामागे तीव्र मानसिक ताण होता असे गृहीत धरून शिक्षा न करण्याची तजवीज २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आहे. पोलिसांच्या भयाने ही हकिगत डॉक्टरांपासून लपवू नये.

पेठेतील अभ्यासिकाचालकांना आणि मेसवाल्यांना माझी विनंती आहे. शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही मिळते. फीच्या मुदतीची नोटीस जेथे लावता, तेथेच हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावावा.